डुकराच्या रक्तातला माणूस

सबंध प्लेटमधे एकच खळगा पिवळा झाला आणि तो बाबांचा होता. हेमराजनं आधी रंगावरच संशय घेतला. धुताना पाणी राहिलं असेल, पिपेटचा थेंब शेजारी उडाला असेल. लॅबमधला कूलर सकाळपासून नुसता घरघरत होता, अशा उकाड्यात रसायनांचंही डोकं फिरतं. त्यानं तोच नमुना पुन्हा लावला. शेवटचं ऍसिड पडलं की निळ्याचं पिवळं होतं, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की एरवी तो त्या वेळी चहाचा विचार करत असे. आज तो स्टुलावरून उठला आणि प्लेट खिडकीकडे धरून उभा राहिला. पिवळं. वरणाच्या पाण्याइतकं साधं, रोजचं पिवळं. शेजारचे सगळे खळगे स्वच्छ. डबीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो, म्हणून मागून आलेले समीर सर खूश होऊन म्हणाले, "वा, मिळाला शेवटी! इसी को तो ढूंढ रहे थे हम. आता याला औषध दिलं की पूरा मोहल्ला साफ." सर जनावरांचे डॉक्टर, जुन्या रायपूरकर मराठी घरातले, मराठीत सुरू करून हिंदीत घसरणारे. हेमराज "हो सर" म्हणाला. त्या डबीवरचा आकडा त्यानंच घरी, अंगणातल्या पायरीवर बसून लिहिला होता.

रक्त डुकराचं काढायचं आणि शोधायचं माणसाला, असं हे उफराटं काम. नोकरीला लागला तेव्हा कुणीतरी ते समजावून सांगितलं आणि हेमराजला हसू आलं होतं. ते हसू फार वेळ टिकलं नाही. जंत राहतो माणसाच्या पोटात, लांब चपट्या फितीसारखा, आणि त्या माणसाला बहुतेकदा काही होत नाही. भूक लागते, झोप लागते, माणूस धडधाकट. कच्चंपक्कं डुकराचं मटण खाल्लं की तो येतो. मग त्याची अंडी त्या माणसाबरोबर नाल्यावर, रुळाकाठी, उघड्यावर जातात. डुक्कर ती घाण खातं आणि त्याच्या मांसात साबुदाण्यासारख्या गाठी धरतात. आणि तीच अंडी न धुतल्या हातातून दुसऱ्या कुणाच्या ताटात गेली तर गाठी त्या दुसऱ्याच्या डोक्यात धरतात, त्यानं जन्मात डुकराकडे मान वळवून पाहिलेलं नसलं तरी. म्हणजे डुकरानं काही केलेलं नसतं. डुक्कर आणि तो दुसरा, दोघंही एकाच माणसाची शिक्षा भोगतात. डुकराच्या रक्तात खूण सापडली की समजायचं, इथंच कुठेतरी, हाकेच्या अंतरावर, तो माणूस सुखानं जेवतोय. हे कळलं त्या दिवशी हेमराज घरी जाऊन जेवला नव्हता. कारण त्याच्या मोठ्या बहिणीच्या, गुंजनच्या डोक्यात गाठी होत्या, आणि इतकी वर्षं त्या डुकरांनी दिल्या असं त्याच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

कुम्हारीची डुकरं झाली, हायवेपलीकडच्या वस्त्यांची झाली, मग पाळी जुनवानीची आली. डुक्कर धरणं ही काही शोभेची गोष्ट नाही. वरच्या जबड्यात दोरीचा फास घालायचा, मागून कुणीतरी पाय दाबायचे, आणि मानेखालच्या खोबणीत सुई अंदाजानं आत न्यायची. तेवढ्या वेळात ते जे ओरडतं ते नेहरू नगरपर्यंत ऐकू जात असेल. फास सोडला की मात्र लगेच दोन पावलं चालून पुन्हा नाल्यात तोंड घालतं. नळीतलं रक्त गोठतं, वर थोडं पिवळसर पाणी सुटतं, आणि ते पाणी डुकराचं की माणसाचं हे नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही. जुनवानीच्या नाल्याकाठची ओळच्या ओळ पिवळी निघाली तेव्हा समीर सरांनी नकाशावर वर्तुळ काढलं, त्या वर्तुळातल्या प्रत्येक घरात जाऊन माणसांच्या शौचाचे नमुने आणायचे ठरलं, आणि वर्तुळाच्या आत हेमराजचं स्वतःचं घर होतं. सर हसले होते, "तुम्हारा घर भी? चला, सुरुवात तिथूनच." काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण शाळेत शिकताना गमतीची वाटते. बाबांना, केवलरामांना, डबी देताना हेमराजलाच लाजल्यासारखं झालं होतं. त्यांनी मात्र ती सकाळी हसत परत आणून दिली. "घे बापा, सरकारले प्रसाद." डुकराचं मटण वगैरे कधी, असं विचारायची रीत होती म्हणून त्यानं विचारलं, तर त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ बनियनच्या बाहेर काढली आणि बोटावर धरून दाखवली. उत्तर म्हणून तेवढंच.

ती माळ बाबांनी तशीच दाखवलेली हेमराजनं आधीही पाहिली होती. दवाखान्यात, गुंजनच्या वेळी. ती आठवीत होती, शाळेच्या प्रार्थनेत पहिल्यांदा पडली आणि बाई म्हणाल्या उपाशी आली असेल. मग घरी पडली. मग कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी लिंबू उतरवलं, कुणी गंडा बांधला, आणि शेवटी डोक्याचा फोटो काढला. हेमराज लहान होता, बाकावर पाय हलवत बसला होता. डॉक्टर म्हणाले, "सुअर का कीड़ा है, दिमाग में." बाबा खुर्चीवरून उठले, कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या धगीनं रापलेलं ते तोंड काळंनिळं झालं, आणि माळ पुढे करून म्हणाले, "आमच्या घरी अंडंबी शिजत नाई साहेब." डॉक्टर म्हणाले, "उससे कोई मतलब नहीं," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या डॉक्टरनं आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती. हेमराज आजही रिकाम्या वेळी ती दोन वाक्यं मनात रचतो, निरनिराळ्या तऱ्हांनी, आणि प्रत्येक वेळी ती बाबांना समजतात. झटक्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी गुंजन जड झाली, वर्गात झोपायची, हसायची तीही उशिरा. आणि एका दुपारी क्वार्टरच्या मागच्या हौदावर कपडे धुताना तिला झटका आला. आई गॅस बारीक करायला आत गेली होती. हौदात पाणी फार नव्हतं. हेमराजला आठवतं ते एवढंच की आईनं दाळीचं पातेलं हातात तसंच धरलं होतं आणि ते तिच्याकडून कुणालाही घेता येईना.

क्वार्टरच्या मागे, नाल्यापलीकडे, नत्थूची झोपडी होती. नत्थू डुकरं पाळायचा. त्याची कमला गुंजनच्याच वयाची, आणि दोघी नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून तासन्‌तास बोलायच्या. तेराव्यानंतर बाबांनी गल्लीतली माणसं जमवली, ऑफिसात खेटे घातले, आणि झोपडी उठली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण त्या वेळी सगळ्यांना चोरच सापडल्यासारखं वाटलं होतं. नत्थू भांडला नाही. डुकरं हाकत पुढे गेला, मागून त्याची बायको डोक्यावर गाठोडं घेऊन, आणि कमला वळून वळून क्वार्टरकडे पाहत होती. हेमराज खिडकीत उभा होता. आपण जिंकलो असं त्याला वाटलं होतं, आणि ते वाटणं आज लॅबमधून गाडीवरून घरी जाताना त्याला पुन्हा आठवलं. पण नत्थूला घालवूनही बाबांचं भागलं नाही. घरातही कुणीतरी लागतं. "तूच जाऊ देत जाये तिले तिकडं," ते आईला म्हणाले. पहिल्यांदा रडत म्हणाले, मग रागानं, मग नुसतंच, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. आई सुरुवातीला उत्तर द्यायची. मग तिनं उत्तर देणं सोडलं आणि मान्य केलं. लग्नाला जाणं सोडलं, शेजारी बसणं सोडलं, माहेरी साकोलीला जाणंही सोडलं. ज्या बाईनं पोर मारली तिनं कोणत्या तोंडानं हसावं, असं ती एकदा नीट शांत आवाजात म्हणाली होती. बाबा रिटायर झाले, जुनवानीत घर बांधलं, हेमराजचं माधवीशी लग्न झालं, टीना झाली, आणि आई या सगळ्यातून उसनी आणल्यासारखी वावरत राहिली.

आणि माळ. माळेची गोष्ट बाबांच्या शिफ्टमधल्या देवराव काकांनी सांगितली होती, एका लग्नात, दोन पेग झाल्यावर, मांडी थोपटत. "तुहा बाप मोठा हुशार. सेकंड शिफ्ट सुटली की आमी रुळाकाठी जावो, तिथं डुकराचं मटन मस्त तव्यावर भाजून मिळे. हा आधी माळ काढे, रुमालात बांधे, टिफिनात ठेवे, मंग बसे. माळेले वास लागू नाई म्हणे!" मंडपात सगळे हसले, हेमराजही हसला. बापाचं एखादं पाप कळलं की मुलाला जरा हलकं वाटतं. रिटायर झाल्यावरही दोघं अधूनमधून कुम्हारीकडे भजनाला म्हणून जात, आणि ते कसलं भजन हे हेमराजला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तव्यावर भाजलेलं आतून कच्चं राहिलेलं असतं, हे तेव्हा मनात आलं नव्हतं. इतकी वर्षं नकाशावर वर्तुळं काढणाऱ्या त्याच्या मनात ते आलं नव्हतं. आता गाडी नेहरू नगरच्या चौकात उभी होती, सिग्नल हिरवा होऊन मागचे लोक हॉर्न वाजवत होते, आणि त्याला दुसरंच दिसत होतं. सप्ताहाचा काला. मंडळाच्या मंदिरात सप्ताह उद्या संपणार होता, आणि काला कालवायचा मान केवलरामांचा. सेक्टरातल्या क्वार्टरमधे होते तेव्हापासूनचा. परातभर लाह्या, पोहे, दही, काकडी, भिजवलेली डाळ, आणि कोपरापर्यंत हात घालून ते कालवत, तोंडानं अभंग म्हणत. काला शिजत नाही. काला हातानंच कालवायचा असतो आणि हातानंच द्यायचा असतो. अख्खी गल्ली ओंजळ करून उभी राहते, आणि यंदा सगळ्यात पुढे टीना उभी राहणार होती.

त्यानं गाडी बाजूला घेतली. सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो एवढासा नव्हता. औषध साधं होतं, डॉक्टरकडून ते लिहून घेऊन त्यानं खिशात टाकलंही होतं. जंताच्या गोळ्या आहेत, वयस्कर माणसांना देतात, म्हणून देता आलं असतं. कालवू नका, हाताला खरूज दिसतेय, असंही सांगता आलं असतं. बाबांना काहीच कळलं नसतं आणि ते मरेपर्यंत नत्थूला शिव्या देत राहिले असते. पण मग आई? बाबांना सांगितल्याशिवाय आईची सुटका नव्हती, आणि बाबांना सांगणं म्हणजे पोरीच्या हौदाशी त्यांना हाताला धरून नेऊन उभं करणं. शिवाय तेव्हाचं आज कोण सांगणार? जंत तोच राहतो की सुटून नवा येतो, नत्थूच्या घरात कुणाला होता की नाही, गल्लीत आणखी कुणी होतं का. आज रक्त काढायला ती डुकरं नाहीत, गुंजन नाही. पुरावा नाही, हे त्यानं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. पुरावा नसला तरी माणसाला कळायचं ते कळतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याला बाबांचा राग यावा असं वाटत होतं, आणि येत होती ती त्यांची दया, आणि दया आली म्हणून आईपुढे उभं राहायची लाज.

घरी पोचला तेव्हा बाबा व्हरांड्यात सुपात लाह्या घेऊन बसले होते. न फुटलेले दाणे बोटानं वेचून बाजूला टाकत होते. टीना गुडघ्याला टेकून बसली होती. "पापा, आबा बोले पहला घास मेरा!" हेमराजनं तिला उचललं आणि आत माधवीकडे दिलं. माधवीनं त्याचा चेहरा पाहिला आणि मुलीला घेऊन ट्यूशनला निघून गेली. आत आई भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता. हेमराज पायरीवर बसला.

"बाबा, तुमची टेस्ट आली."

"मंग? पास का फेल?"

"पोटात जंत आहे."

"हात्‌, मले काई होत नाई. दोन भाकरी खातो."

"होत नसते काई. डुकराचा आहे."

बाबांची बोटं लाह्यांत थांबली. त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "देवरावनं सांगतलं काय तुले?" हेमराजनं होकारार्थी मान हलवली. "तुह्या मायले माहीत आहे?" "नाई."  चोरी पकडली गेलेल्या शाळकरी मुलासारखे ते दिसायला लागले आणि हेमराजला वाटलं, इथंच थांबावं, एवढीच लाज पुरे.

"सोडतो म्हनलं होतं," ते म्हणाले. "सुटत नाई बे. आता काय, आपरेशन?"

"नाई. गोळ्या आहेत. उद्या सकाळी उपाशीपोटी चावून घ्याच्या. एकाच डाव."

"एकाच डाव?"

"हो."

"जाते मंग?"

"जाते."

बाबांच्या तोंडावर सुटल्याचा भाव आला, आणि आला तसा थबकला. "एका डावात जाते," ते म्हणाले. "मंग आपल्या गुंजनले कावून नाई देल्ल्या त्या? तिलेबी डाक्टर डुकराचाच सांगून राहिला होता. एका डावाच्या गोळ्या होत्या, तं पोरगी कावून गेली हेमराज?"

हे त्यानं वाटेत योजलं नव्हतं. सगळ्या खोट्या गोष्टी तयार होत्या, ही एक सोडून. "तिच्या पोटात नव्हता बाबा तो," त्याच्या तोंडून गेलं. "तिच्या डोक्यात गाठी होत्या. हाताले लागून अंडी पोटात गेली का डोक्यात गाठी होतेत. डुकरालेबी तसंच होते. जंत दुसऱ्याच्याच पोटात राहते."

"कोनाच्या?"

आत भाकरी थापल्याचा आवाज चालू होता. वस्त्या-वस्त्यांमधे हेमराज या प्रश्नाला एकच उत्तर देत आला होता, आणि ते खोटंही नव्हतं. "कोनाच्याबी राहू शकते. बाहेर काई खाल्लं असन तिनं. गुपचूप, भेळ."

"ती बाहेर खात नव्हती." बाबा हळूहळू बोलत होते, एकेक शब्द पारखून घेतल्यासारखे. "खायाले लय नखरेल होती. मायच्या हातानं नाई जेवे. मी शिफ्टवरून येतवरी तशीच झोपे, उपाशी. मी आलो का उठवो, दहीभात कालवो, भरवो. रोज." ते थांबले. "शिफ्टवरून येतवरी," ते पुन्हा म्हणाले.

"तेव्हाचं आता कोनी सांगू शकत नाई बाबा. कोनीच नाई. खरंच."

बाबांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी सूप दूर सारलं. "या लाह्या टाकून दे," ते म्हणाले, "माहा हात लागला आहे." मग ते खांबाला धरून उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली, "शकू." गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी आईला नावानं हाक मारलेली हेमराजनं ऐकली नव्हती. हाक मारायची झाली तर ते नुसतं खाकरत.

शकुबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या.

"बस," बाबा म्हणाले. त्या बसल्या नाहीत. "गुंजनचं सांगाचं होतं."

नाव ऐकताच त्यांची मान खाली गेली. "एकच डाव गेली होती जी ती नत्थूकडं," त्या घाईघाईनं म्हणाल्या, जणू हे शब्द जिभेवर तयारच ठेवलेले होते. "कमलाच्या घरी पिलं झाली होती, ते पाहाले. पानीबी नाई पेली तिथं, मी विचारलं होतं तिले. तरी झाली ना माही चूक. मी नाई कवा म्हनलं? आता अजून कावून?"

"तुही नाई," केवलराम म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं आणि ते पुसायला हात वर नेताना त्यांनी मधेच खाली घेतला. "तुही नाई शकू. माही."

शकुबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना काही कळलं नव्हतं. त्या हेमराजकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "काय झालं रे यायले? बरं नाई काय?" आणि पिठाचा हात पदराला पुसून त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर ठेवला. "अंग तं गरम नाई," त्या म्हणाल्या.